‘लक्ष देत नाही’: बालवाडीच्या नियोजन वहीतल्या नोंदी

१६ जून २०२५, सोमवार

आज बालवाडी उघडली. पटावर २३, आले १७. बाकीचे अजून मामाच्या गावाला आहेत, पेरण्या आटोपल्या की उगवतील.

संस्थेने यंदा प्रत्येक ताईला एकेक विषय वर्षभर धरायला सांगितलाय. मी ‘बोलण्यात अडचण असलेली मुलं आणि रोजचं पाठनियोजन’ घेतला. गेल्या वर्षी अशा मुलांसाठी शुक्रवारी अर्धा तास वेगळा काढत होते. त्या अर्ध्या तासात काय घडायचं ते आठवलं तरी ओशाळायला होतं. मूल एकटं, समोर ताई, हातात चित्रकार्ड. ‘हे काय आहे?’ मूल गप्प. ‘सांग बरं, हे काय?’ मूल दाराकडे बघतंय. म्हणून यंदा वेगळा तास नाही. जे काही करायचं ते हजेरी, खेळ, खाऊ, हात धुणं यांतच.

वहीत मुलांची नावं लिहिणार नाही. चपला ठेवायच्या खणांवर प्रत्येकाचं चित्र चिकटवलेलं आहे, त्याच नावाने लिहीन. चौघांवर डोळा ठेवायचाय:

बेडूक, मुलगा, साडेचार वर्षं. बोलणं बोबडं, वाक्यं दोन शब्दांची. लक्ष देत नाही, सांगितलेलं ऐकत नाही, मधेच उठतो.
पणती, मुलगी, चार वर्षं. नवीन. अजून एक शब्द ऐकलेला नाही.
छत्री, मुलगा, पाच वर्षं. बोलताना अडतो.
किटली, मुलगी, पाच वर्षं. जन्मापासून हातपाय ताठ (सेरेब्रल पाल्सी). समजतं सगळं, बोललेलं फक्त आईला कळतं.

२० जून, शुक्रवार

आठवडाभर शिकवण्यापेक्षा मोजणं जास्त केलं. ॲप्रनच्या उजव्या खिशात वीस चिंचोके घ्यायचे. ज्याचं उत्तर मला आधीच ठाऊक आहे असा प्रश्न विचारला की एक चिंचोका डाव्या खिशात टाकायचा. ‘हा रंग कोणता?’, ‘मांजर कसं बोलतं?’, ‘आज काय वार?’

बारा मिनिटांत उजवा खिसा रिकामा.

मावशींनी (आमच्या मदतनीस) दुसरं मोजलं. मी प्रश्न विचारल्यावर किती थांबते? मनात आकडे म्हणायचे. बहुतेक वेळा एक-दोन म्हणेपर्यंत मीच उत्तर देऊन मोकळी. मावशी म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही पोरांना विचारताय का सोताला?’

१ जुलै, मंगळवार

नियोजन वहीचे रकाने बदलले. आधी होते: वेळ, उपक्रम, साहित्य, ताई काय विचारेल. शेवटचा रकाना खोडला. त्या जागी लिहिलं: ‘मुलाला बोलायची गरज कुठे पडेल?’

हा रकाना भरायला बसले तेव्हा कळलं की माझ्या वर्गात मुलांना बोलायची गरजच पडत नाही. खाऊ आपोआप ताटलीत येतो. खडू आपोआप हातात येतात. तहान लागली तर मावशी चेहऱ्यावरून ओळखतात. इतकी प्रेमळ व्यवस्था की तोंड उघडायचं कारणच नाही.

म्हणून या आठवड्यात थोडा खट्याळपणा केला. मुरमुऱ्यांचा डबा घट्ट झाकणाचा घेतला. चित्र काढायला कागद दिले, खडू दिले नाहीत. हजेरीला मुद्दाम एकाचं नाव गाळलं. मूल बघतं, चुळबुळ करतं, मी काही म्हणत नाही. मनात दहापर्यंत. छत्रीने डबा माझ्याकडे आणून ‘उ-उ-उघड’ म्हटलं. किटलीने हात लांब करून खडूंच्या कपाटाकडे बघितलं आणि एक मोठा आवाज काढला. मी म्हटलं, ‘खडू! खडू राहिले की.’ ती हसली. बेडकाने मुरमुऱ्याचा डबा स्वतःच गुडघ्यांत धरून उघडला आणि अर्धे मुरमुरे सतरंजीवर सांडले.

एक ताकीद स्वतःला: हे दिवसातून दोन-तीनदाच. सतत अडवून ठेवलं तर मूल बोलत नाही, चिडतं.

५ जुलै, शनिवार

उद्या आषाढी, म्हणून आज बालवाडीची दिंडी. तीन विठोबा, एक रखुमाई, डोक्यावर तुळशीची कुंडी म्हणून पत्र्याचा डबा. देवळापर्यंत गेलो, पावसात भिजत परत आलो.

बेडूक टाळ सोडेना. वाजवायचा आणि लगेच एक वाटी हनुवटीच्या हाडाला, मग कानामागे लावायचा. पुन्हा वाजवायचा, पुन्हा लावायचा. बाकीची पोरं वाजवत पुढे गेली, हा मागे एकटाच रस्त्यात उभा. मी हाक मारली, वळला नाही. मावशींनी जाऊन हाताला धरून आणला. मनात म्हटलं, नेहमीचंच.

११ जुलै, शुक्रवार

आजची नोंद सावकाश लिहिते.

पाऊस थोडा थांबला होता म्हणून ‘चिमणी भुर्र’ खेळायला घेतला. गोल बसायचं, सगळ्यांचं एकेक बोट जमिनीवर. मी म्हणते ‘चिमणी भुर्र’, सगळे बोट वर. ‘कावळा भुर्र’, बोट वर. ‘म्हैस भुर्र’ म्हटलं आणि ज्याने बोट उचललं तो बाद. बेडूक खेळात हुशार. बोटं बरोबर उचलतो, म्हशीला फसत नाही.

चौथ्या-पाचव्या फेरीला माझी नजर त्याच्या बोटावर गेली. बोट वर जातं, पण सगळ्यांच्या मागून. अगदी जराशाने, डोळा लवेल न लवेल इतक्याने. आणि त्याचं तोंड माझ्याकडे नाहीच. तो शेजारच्या सशाच्या (त्याच्या खणावर ससा आहे) बोटाकडे बघतोय.

मी खेळ बदलला. ‘आता डोळे मिटून खेळायचं.’ सगळ्यांनी गच्च डोळे मिटले. ‘पोपट भुर्र.’ बावीस बोटं वर. बेडकाचं बोट जमिनीवर. ‘घार भुर्र.’ बेडकाचं खालीच. मग त्याने एक डोळा किलकिला केला, शेजारी पाहिलं आणि घाईने बोट उचललं.

माझ्या पोटात गोळा आला. हा मुलगा माझ्या वर्गात दुसरं वर्ष काढतोय. महिन्यापूर्वी मीच लिहिलंय, ‘लक्ष देत नाही’. इतकं लक्ष तर वर्गात दुसरं कुणीच देत नाही. तो सगळा वर्ग डोळ्यांनी ऐकतोय.

१४ जुलै, सोमवार

बेडकाच्या घरी जाऊन आले. आई-वडील टोमॅटोच्या खुडणीला गेलेले, आजी ओट्यावर. म्हणाल्या, ‘त्याचा बापबी पाच वर्साचा झाला तवा बोलला. मी वेखंड उगाळून जिभंला लावतेच हाय की रोज.’ वेखंडाबद्दल मी काही बोलले नाही. पहिल्याच भेटीत आजीचं औषध खोटं पाडलं की पुढची दारं बंद. कानाबद्दल विचारलं. कान फुटतो का? नाही. दुखतो म्हणून रडतो का? नाही. सर्दी? ‘बारमाही. नाक कधी कोरडं नसतंच. रातीला तोंड उघडं टाकून घोरतो म्हाताऱ्यावानी.’ टीव्ही? ‘पार जवळ जाऊन बसतो. मोठा कर म्हनतो. आम्हाला वाटलं वांड हाय.’

निघताना म्हटलं, आजी, एकदा कान दाखवून घेऊ. त्यांनी ऐकून घेतलं, मग हळूच विचारलं, ‘कागदावर बहिरा लिहितील का वं?’

२३ जुलै, बुधवार

आमची बालवाडी संस्थेची असली तरी मुलांची नोंद शेजारच्या अंगणवाडीत आहे. तिथे आज बाल आरोग्य तपासणीचं पथक आलं. ही योजना (आरबीएसके, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) २०१३ पासून आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचं, शाळेत एकदा. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर, असं सगळं एकाच फेरीत बघायचं. डॉक्टर भले होते, पण साठ मुलं आणि पत्र्यावर पाऊस. मी चिठ्ठीवर आधीच लिहून नेलं होतं: ‘मागून हाक मारली तर वळत नाही. शेजारच्याचं बघून करतो. सर्दी सतत. तोंडाने श्वास. टाळ हाडाला लावून ऐकतो.’ त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, बॅटरीने दोन्ही कान पाहिले आणि कानाच्या तपासणीसाठी पुढे पाठवलं. चिठ्ठी नसती तर ‘बोलतो का? बोलतो. बरं’ इतक्यावर भागलं असतं.

३० जुलै, बुधवार

काल नागपंचमी. बायका वडाला झोके बांधतात तिथे मीही गेले. पणती दिसली, मोठ्या बहिणीबरोबर. आणि काय बोलत होती! ‘माले दे, माले दे’, बहिणीला ढकलतेय, झोका अडवतेय, ओरडतेय. दीड महिना माझ्यासमोर जी मूर्तीसारखी बसली तीच ही.

कुटुंब साक्रीकडचं, इथे पोल्ट्रीवर कामाला आलंय. घरात अहिराणी. मी जूनमध्ये तिच्यापुढे ‘वाचादोष?’ असं लिहून ठेवलं होतं, प्रश्नचिन्हासकट. आज खोडलं. वाचेचा दोष असता तर तो घरच्या बोलीतही दिसला असता. तिची अडचण एवढीच की माझ्या वर्गात तिची भाषा कुणाला येत नाही.

बहिणीकडून दहा शब्द लिहून घेतले. आज हजेरीला तिच्याशेजारी बसले आणि म्हटलं, ‘आठे बस.’ इथे बस. माझा उच्चार बहुतेक भयंकर असावा. तिने माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मलाच लाज वाटली. बोलली काही नाही. पण खाऊच्या वेळी ताटली घेऊन माझ्या मांडीला टेकून बसली.

तरीही नोंद चालू ठेवायची. काही मुलं घरी भरपूर बोलतात आणि शाळेत भीतीने वाचाच बसते, तीही वेगळी अडचण असते. नवीन जागेत पहिला महिनाभर गप्प राहणं साधं आहे. भाषा नवी असेल तर आणखी वेळ द्यावा. दिवाळीपर्यंत बघू.

६ ऑगस्ट, बुधवार

बेडकाला घेऊन त्याचे वडील तपासणीला गेले. पहाटे पाचला निघाले, दोन एसट्या बदलल्या. तिथे कळलं, कानाचं मशीन आज बंद, पुढच्या आठवड्यात या. चिठ्ठीवर तारीख मात्र आजचीच होती. एक दिवसाची मजुरी गेली, भाडं गेलं. संध्याकाळी वडील बालवाडीच्या दारात उभे राहून म्हणाले, ‘ताई, आता भाताची लावणी चाललीय. मी नाय जात परत.’ काय बोलणार? बरोबर होतं त्यांचं. आशाताईंना (गावातल्या आरोग्य कार्यकर्तीला) सांगितलं. त्या म्हणाल्या, पुढची तारीख फोन करून पक्की करते आणि बरोबर जाते.

२१ ऑगस्ट, गुरुवार

उद्या पोळा. मातीचे बैल केले. ओढ्याची चिकणमाती, शिंगांना बाभळीचे काटे, डोळ्यांना गुंजा (गुंजा विषारी, म्हणून त्या मोजून मीच लावल्या आणि मोजूनच परत डबीत). विकतचं साहित्य आणायचा प्रश्नच नव्हता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर बालवाड्या चालवल्या त्या पानं, बिया, शंख-शिंपल्यांवरच. आमच्या प्रशिक्षणात हे इतक्यांदा सांगतात की कान किटतात. पण आज त्याचा वेगळाच उपयोग लक्षात आला: मुलाला घरी माहीत असलेली वस्तू हातात असली की शब्दही घरून आलेला असतो.

जोड्या लावल्या. एकाकडे माती, दुसऱ्याकडे पाणी. पाणी मागितल्याशिवाय माती भिजत नाही. पणतीला सशाबरोबर बसवलं. ससा स्वतःच अखंड बोलतो, तिला बोलायची सक्ती नाही. वीस मिनिटांनी पणतीने सशाच्या बैलाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, ‘शिंग नही.’ खरंच नव्हतं, पडलं होतं. मी दुसरीकडे बघितल्याचं सोंग केलं. ‘अरे वा, पणती बोलली!’ असं ओरडायचा मोह आवरणं हे आजचं माझं सगळ्यात अवघड काम. टाळ्या वाजल्या असत्या तर ती पुन्हा महिनाभर मिटली असती.

बेडकाचा बैल सगळ्यात देखणा. वशिंड, गळ्याखालची पोळी, सगळं. हाताने आणि डोळ्यांनी तो कुणाला हार जात नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

तपासणी झाली. आशाताई आणि आई गेल्या होत्या, मीही रजा टाकून गेले. आधी कानात छोटी नळी लावून पडद्याची हालचाल मोजली. दोन्ही बाजूंना कागदावर डोंगर यायला हवा होता, आली सपाट रेघ. मग खोलीत बसवून, आवाज आला की डब्यात ठोकळा टाकायचा, असा खेळ. चाळीस डेसिबलच्या आसपास पोचल्यावर ठोकळा पडायला लागला.

ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी समजावून सांगितलं. पडद्यामागे चिकट पाणी साठलंय. दुखत नाही, वाहत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. नाकामागची गाठ सुजलेली, त्यामुळे कान आणि घसा जोडणारी नळी मोकळी होत नाही. या वयात हे पुष्कळ मुलांना होतं आणि बऱ्याचदा आपोआप जातं. तीन महिने थांबून पुन्हा तपासायचं. तोवर नाही गेलं तर पडद्याला बारीक नळी बसवतात. टाळाचंही कोडं सुटलं: आतला कान चांगला आहे, अडथळा मधल्या कानात. हाडातून आवाज थेट आत पोचतो. साडेचार वर्षांच्या पोराने हे स्वतःचं स्वतः शोधून काढलं होतं.

आजींचा प्रश्न मी मॅडमना विचारला. कागदावर बहिरा लिहिणार का? नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऐकण्याची अडचण धरतात ती दोन्ही कानांनी ६० डेसिबलपासून पुढे. हा त्यात बसतच नाही. आजींना सुटल्यासारखं झालं. मला मात्र ते चमत्कारिक वाटलं. कायद्याला हे मूल ठीक आहे. माझ्या वर्गात तेच मूल दोन वर्षं निम्मं वाक्य ऐकतंय.

९ सप्टेंबर, मंगळवार

फोनवर आवाज मोजायचं ॲप घेतलं. मोजमाप कच्चं असतं, पण अंदाज येतो. रिकामी खोली, पाऊस नाही: ४४. रिकामी खोली, पत्र्यावर जोराचा पाऊस: ७६. माझा आवाज हातभर अंतरावरून ६५. म्हणजे श्रावणात धड कानांच्या मुलांनाही मी नीट ऐकू येत नव्हते आणि मी गोष्टीचा तास नेमका तेव्हाच ठेवला होता, ‘पाऊस आहे, बाहेर जाता येत नाही, चला गोष्ट सांगू.’

बदल असे. जोराचा पाऊस असेल तर माती, चित्रं, ओवणं, म्हणजे हातांची कामं. उघडीप मिळाली की गोष्टी आणि खेळ पडवीत. पत्र्याखाली गोणपाट ताणून बांधले (सरपंचांकडून खताच्या रिकाम्या गोण्या, धुऊन). शिकवताना खिडकीकडे पाठ करायची नाही, नाहीतर माझा चेहरा काळा दिसतो आणि ओठ दिसत नाहीत. बेडूक माझ्या समोर, हातभर अंतरावर.

आणि एक गोष्ट, जी मला कोणत्याच प्रशिक्षणात कुणी सांगितली नव्हती. मराठीत नकार शेवटी येतो. ‘उठू नको’, ‘पळू नको’, ‘हात लावू नको’. वाक्याच्या शेवटी आपला आवाज पडतो. बेडकाच्या कानात ‘उठू’ पोचतं, ‘नको’ विरून जातं. मी म्हणते ‘उठू नको’, तो उठतो. मी म्हणते ‘पळू नको’, तो पळतो. मग वरून रागावणं. बिचाऱ्याने जेवढं ऐकलं तेवढं इमानदारीने केलं.

तेच ‘डब्यात’ आणि ‘डब्यावर’चं. प्रत्यय म्हणजे शब्दाची शेपटी, तिथेच आवाज बारीक. त्याच्या बोलण्यातही ते प्रत्यय नाहीत. ‘बाबा गाडी गेला’ म्हणतो. जे ऐकूच येत नाही ते बोलण्यात कुठून येणार?

तपासणी झाल्यापासून वर्गात ‘नको’ शक्यतो बंद. ‘उठू नको’ऐवजी ‘बसून राहा’. ‘पळू नको’ऐवजी ‘थांब’, हाताचा तळवा दाखवून. मावशींना हे जमायला दोन दिवस लागले, मला चार. त्याने ‘बाबा गाडी गेला’ म्हटलं की चूक काढायची नाही, आपण पुरं करून परत द्यायचं: ‘हो, बाबा गाडीने गेले. गाडीने.’ शेपटीवर जोर देऊन.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पालकसभा. छत्रीचे वडील सगळ्यांसमोर म्हणाले, ‘हळू बोल, नीट बोल, किती सांगतो, तरी अडतोच.’ छत्री तिथेच उभा होता, चपलेने जमीन उकरत.

सभा झाल्यावर त्यांना बाजूला घेतलं. या वयात बरीच मुलं अडखळतात, विचार पुढे पळतो आणि जीभ मागे राहते. ‘हळू बोल’ म्हटलं की मुलाला कळतं की आपण बोलतो ते चुकतंय, आणि मग ते आणखी दाटतं. तुम्ही स्वतः सावकाश बोला. त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. तो काय सांगतोय तिकडे बघा, कसं सांगतोय तिकडे नको. घरातल्यांनी एकेकाने बोलावं. सहा महिन्यांहून जास्त झालंय आणि बोलताना तो पापण्या मिटतो, मान झटकतो, म्हणून स्पीच थेरपिस्टला दाखवायला हवंच, तेही सांगितलं. वडील जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘मी लहानपणी अडायचो. मास्तर छडी मारायचे.’ हे सांगताना तेही ‘मास्तर’वर अडले.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

किटलीची चित्रपाटी. जुलैमध्ये केली तेव्हा जाड पुठ्ठ्यावर बारा चित्रं होती: पाणी, भात, केळं, शी, शू, बाहुली, चेंडू, आई, घर... सगळी नामं. तिने आठवडाभर हात लावला आणि मग सोडून दिली. मला वाटलं तिला आवडली नाही. खरं तर त्या पाटीवर बोलण्यासारखं काही नव्हतंच. पाणी आणि शू या गोष्टी ती डोळ्यांनीच सांगू शकत होती.

ऑगस्टमध्ये दुसरी केली. नऊच चित्रं, मुठीने दाबता येतील एवढी मोठी: ‘नाही’, ‘पुन्हा’, ‘बघ’, ‘मी’, ‘दे’, ‘दुखतंय’, ‘संपलं’, ‘चल’, ‘काय ते?’ मी बोलताना स्वतःही त्यावर बोट ठेवत गेले, नाहीतर तिने का ठेवावं? पहिले तीन दिवस ती फक्त ‘नाही’वर मूठ आपटत होती. भात? नाही. गाणं? नाही. आई आली? नाही. पाच वर्षांचं साठलेलं ‘नाही’ होतं ते. चौथ्या दिवशी झोक्यावर ‘पुन्हा’.

पाटी दिली तर बोलायची सवय मोडेल, ही आईची भीती. तसं होत नाही, उलट ‘पुन्हा’ दाबताना हल्ली ती ‘उन्ना’ असं काहीतरी म्हणते आणि ते मला कळतं.

माझी चूकही लिहून ठेवते. परवा पोरांना बाजाराला नेलं. पाटी भिजेल, हरवेल म्हणून कपाटात कुलूपबंद ठेवून गेले. किटली सगळी वाट रडली. परत आल्यावर पाटी समोर ठेवली, तिने ‘दुखतंय’ दाबलं. बूट चावत होता, टाचेला फोड. दोन तास. पाटीला आता दोरी लावून ती तिच्या गाडीलाच बांधलीय, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दिवाळीची सुट्टी संपली. पणती मराठी-अहिराणी कालवून बोलते, जोरात बोलते, तक्रारी जास्त. चार मुलं आता ‘आठे ये’ म्हणतात. तिची वेगळी नोंद आजपासून बंद. छत्रीची पहिली भेट थेरपिस्टकडे झाली, महिन्यातून दोनदा जायचंय.

९ डिसेंबर, मंगळवार

बेडकाची फेरतपासणी गेल्या आठवड्यात झाली. पाऊस गेला, सर्दी कमी झाली, उजवा कान पुष्कळ मोकळा. डाव्यात पाणी तसंच. नाकामागची गाठ काढून डाव्या पडद्याला नळी बसवायची, असं ठरतंय. आजी ‘भूल’ या शब्दाला घाबरल्यात. वडील म्हणाले, कांदे निघाले की करू.

मॅडमनी मला एक सोपी चाळणी शिकवली. मुलाच्या मागे उभं राहायचं, तोंडापुढे कागद धरायचा आणि नेहमीच्या आवाजात एकेक ध्वनी काढायचा: आ, ई, ऊ, म, श, स. ऐकू आला की मुलाने सागरगोटा ताटलीत टाकायचा. सगळ्या बोलण्याचा जाडा-बारीक पट्टा या सहा ध्वनींत येतो. यावरून आजार ठरत नाही, कुणाला पुढे पाठवायचं तेवढं कळतं.

आठवड्याभरात सगळ्या वर्गाचं केलं. दोघांचे सागरगोटे कमी पडले. त्यातला एक ससा. तोच बडबड्या ससा, ज्याच्या बोटाकडे बघून बेडूक खेळायचा. आता कळतंय, तो एवढा बोलतो कारण स्वतः बोलत असताना दुसऱ्याचं ऐकावं लागत नाही. किंवा नुसती सर्दीही असेल. चिठ्ठी लिहिली.

७ जानेवारी २०२६, बुधवार

आज कपाट आवरताना गेल्या चार वर्षांच्या नियोजन वह्या काढल्या. शेवटच्या पानांवर मी दर वर्षी मुलांबद्दल दोन-दोन ओळी लिहिते, पहिलीच्या गुरुजींना द्यायला. ‘लक्ष देत नाही’ किंवा ‘सांगितलेलं ऐकत नाही’ शोधत गेले. सात मुलं सापडली. माझंच अक्षर.

त्यातली दोन गाव सोडून गेलीत. एक संगमनेरला आश्रमशाळेत. चार इथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, पहिली ते तिसरी. मधल्या सुट्टीत गुरुजींना भेटले. त्यांनी हजेरीपट उघडला, चारही नावांवरून बोट फिरवलं आणि एका मुलीपाशी थांबले. ‘ही? ही मागच्या बाकावर बसते. त्रास नाही काही. शांत आहे.’

उद्या साडेदहाला ताटली आणि सागरगोटे घेऊन जायचंय. गुरुजींनी ऑफिसची खोली देतो म्हटलंय, तिला स्लॅब आहे.